बंपरचा रंग : फाटला की सुटला?



भौतिकी शिकवणाऱ्या माणसाने आपली मोटार मागे घेताना ती सिमेंटच्या खांबावर नेऊन आपटावी, ही काही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट नव्हे. पण तसे झाले खरे. मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्याला एक पोचा पडला, तळहाताएवढ्या भागावरचा रंग खरवडून आतले काळे प्लॅस्टिक उघडे पडले आणि खालच्या कडेला सुमारे अडीच सेंटिमीटरचा तडा गेला. दिवाळीची सुट्टी तोंडावर होती. मनात म्हटले, यात काय आहे? लांबी भरू, घासू, रंग मारू. घरी लोखंडी खिडक्यांसाठी आणलेला प्रायमर शिल्लक होता. मोटारीच्या रंगाचा फवाऱ्याचा डबा आणला आणि दोन दिवसांत काम उरकले. बंपर असा चकाकू लागला की शेजाऱ्यांनी चौकशी केली.

ही चकाकी जूनपर्यंत टिकली. पहिल्या पावसानंतर मोटार धुताना एका जागी रंगाची कड वर आलेली दिसली. नखाने जरा ओढले, तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा तळहाताएवढा तुकडा अलगद हातात आला! तो मी एका पाकिटात घालून महाविद्यालयात नेला. आमच्या प्रयोगशाळेत एक जुने परिचर आहेत. विद्यार्थी आणि आम्ही प्राध्यापकही त्यांना 'मामा' म्हणतो. त्यांनी ती साल उलटसुलट करून पाहिली आणि एवढेच विचारले, "सर, हा रंग फाटलाय की सुटलाय?"

हा लेख त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

फाटणे आणि सुटणे

भिंतीवर चिकटवलेला कागद ओढला, तर दोन गोष्टी होऊ शकतात. कधी कागद मध्येच फाटतो आणि त्याचा काही भाग भिंतीवर राहतो. कधी अख्खा कागद निघून येतो आणि भिंत स्वच्छ राहते. पहिल्या प्रकारात कागदाच्या आतली पकड तुटली. एकाच पदार्थाच्या रेणूंमधल्या या आकर्षणाला ससंजन म्हणतात. दुसऱ्या प्रकारात दोन वेगळ्या पदार्थांमधली पकड, म्हणजे आसंजन, कमी पडले. दोन्ही वेळा कागद निघालाच, पण उपाय अगदी वेगळे. पहिल्यात कागद चांगला हवा, दुसऱ्यात खळ चांगली हवी किंवा भिंत नीट तयार करायला हवी.

मी सालीची आतली बाजू भिंगाखाली धरली. ती गुळगुळीत आणि स्वच्छ होती. बंपरवर ज्या जागेवरून ती निघाली, तेथे रंगाचा किंवा प्रायमरचा कणही नव्हता. म्हणजे रंग फाटला नव्हता, सुटला होता. आणखी एक गोष्ट दिसली, आणि तीच खरी महत्त्वाची होती. सालीचा आकार आणि खांबाने उघड्या पाडलेल्या प्लॅस्टिकचा आकार जवळजवळ एकच होता. भोवतालच्या कारखान्यातल्या जुन्या रंगावर मी जो नवा रंग मारला होता, तो घट्ट बसलेला होता. हात तोच, डबा तोच, दिवसही तोच. मग दोष माझ्या फवारण्यात नव्हता. उघड्या प्लॅस्टिकमध्येच काहीतरी असे होते, की ज्याला रंग धरता येत नव्हता.

बंपर कशाचा असतो?

जुन्या अँबॅसडर आणि फियाट मोटारींचे बंपर पोलादी पत्र्याचे असत आणि त्यांवर क्रोमचा मुलामा असे. १९७२ साली फ्रान्समध्ये बाजारात आलेल्या रेनो ५ या छोट्या मोटारीला प्लॅस्टिकचे बंपर होते. पुढे हीच पद्धत सगळीकडे रूढ झाली. आज आपण ज्याला बंपर म्हणतो, ते बहुधा नुसते प्लॅस्टिकचे आवरण असते. टक्कर सोसणारी तुळई आणि धक्का शोषणारा फेस त्याच्या मागे दडलेला असतो. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आवरणाच्या मागे डोकावून पाहावे. तुळई वाकली असेल, आवरण अडकवण्याचे कान तुटले असतील, किंवा त्या जागेमागे रडार वा अन्य संवेदक असेल, तर ते काम घरी करण्याचे नव्हे. भरावाचा जाड थर रडारच्या लहरींना अडथळा करतो आणि मोटारीला समोरची वस्तू 'दिसण्यात' चूक होऊ शकते.

आवरणाच्या आतल्या बाजूला > आणि < या दोन खुणांच्या मध्ये काही अक्षरे उठवलेली सापडतात. माझ्या बंपरवर 'पीपी + ईपीडीएम - टीडी २०' अशा अर्थाची अक्षरे होती. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ईपीडीएम हे एक रबर. 'टीडी २०' म्हणजे वजनाने २० टक्के शंखजिऱ्याची पूड. हो, तेच शंखजिरे, जे अंगाला लावायच्या पावडरीत असते! नुसते पॉलिप्रॉपिलीन थंडीत ठिसूळ होते, म्हणून त्यात रबर घालतात. शंखजिऱ्याने त्याला ताठपणा येतो आणि तापल्यावरचे प्रसरण कमी होते.

पॉलिप्रॉपिलीन ओळखण्याची एक युक्ती सांगतात, की त्याचा तुकडा पाण्यावर तरंगतो. शुद्ध पॉलिप्रॉपिलीनची घनता दर घन सें.मी.ला सुमारे ०.९ ग्रॅम असते, तेव्हा ते खरेच आहे. पण २० टक्के शंखजिरे घातले की घनता १ च्या थोडी वर जाते आणि तुकडा बुडतो. बुडाला म्हणून तो पॉलिप्रॉपिलीन नव्हे, असे म्हणून चालणार नाही. अक्षरे वाचावीत, हे उत्तम.

इटलीतील मिलान येथे जूलियो नाट्टा यांनी १९५४ मध्ये स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन तयार केले. त्यासाठी वापरलेल्या उत्प्रेरकांचा पाया जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर यांनी घातला होता. दोघांना मिळून १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज हे प्लॅस्टिक तुमच्या घरात जागोजाग आहे. हॉटेलातून आमटी-भात ज्या डब्यात येतो, तो उलटा करून पाहा. त्रिकोणात ५ हा आकडा असेल, तर ते पॉलिप्रॉपिलीनच.

त्याचा रेणू म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांचीच लांबलचक साखळी. ऑक्सिजन नाही, नायट्रोजन नाही. विद्युतभार एका टोकाला थोडा अधिक, दुसऱ्या टोकाला थोडा उणा, असा प्रकार या साखळीत जवळजवळ नसतो. असे रेणू अध्रुवीय असतात. पाणी, आम्ल यांपैकी कोणालाही ते सहसा दाद देत नाहीत. बंपरसाठी हा मोठा गुण आहे. पण रंगाच्या दृष्टीने पाहा. रंगाच्या रेणूंनी जिला धरून बसावे अशी खुंटीच या भिंतीत नाही!

एक थेंब काय सांगतो?

हे वर्गात सहज पाहता येते. एक काचपट्टी साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने विसळून वाळवा. आकडा ५ असलेल्या डब्याचे झाकणही तसेच धुऊन घ्या. दोन्हींवर ड्रॉपरने पाण्याचा एकेक थेंब ठेवा आणि डोळा पृष्ठभागाच्या पातळीवर आणून बाजूने पाहा. काचेवर थेंब पसरेल. झाकणावर तो गोलसर फुगून बसेल. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते, त्याला स्पर्शकोन म्हणतात. स्वच्छ काचेवर तो शून्याच्या जवळ असतो आणि पॉलिप्रॉपिलीनवर सुमारे १०० अंश. हा कोन आणि पृष्ठताण यांचा संबंध इंग्लंडच्या टॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडला. प्रकाशाचे व्यतिकरण शिकताना तुम्हाला भेटतात, तेच हे यंग.

येथून एक छोटे गणित करता येते. द्रव घनापासून वेगळा करायला दर चौरस मीटरला किती कार्य करावे लागेल, ते 'पृष्ठताण × (१ + स्पर्शकोनाची कोज्या)' या सूत्राने मिळते. पाण्याचा पृष्ठताण २० अंश सेल्सिअसला दर मीटरला ७३ मिलिन्यूटन धरू. काचेवर कोन शून्य मानला, तर कोज्या १ आणि उत्तर १४६ मिलिज्यूल. पॉलिप्रॉपिलीनवर १०० अंशांची कोज्या उणे ०.१७, म्हणून उत्तर सुमारे ६०. निम्म्याहूनही कमी!

एक शंका येथे चाणाक्ष विद्यार्थी काढेलच. "सर, रंग म्हणजे पाणी नव्हे. तुमचा रंग तर बंपरवर छान पसरला होता." खरे आहे. फवाऱ्याच्या डब्यातल्या रंगात पेट्रोलियमसारखे विद्रावक असतात. त्यांचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून ते पॉलिप्रॉपिलीनवरही पसरतात. मी फसलो तो इथेच. ओला रंग पसरला म्हणजे वाळलेला रंग धरून राहील, असे मी गृहीत धरले. पसरणे ही पकडीची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. विद्रावक उडून गेल्यावर मागे जो राळेचा पापुद्रा उरतो, त्याच्या ध्रुवीय रेणूंना धरायला खाली काहीच सापडत नाही. पापुद्रा नुसता टेकलेला असतो. त्याच्या कडेखाली पाणी शिरले की तो उचलला जातो. माझ्या बंपरला नेमका पहिला पाऊसच का भोवला, ते आता कळेल.

खुंट्या ठोकायच्या कशा?

कारखान्यात यासाठी बंपरवरून गॅसची निळी ज्योत झरकन फिरवतात. प्लॅस्टिक वितळण्याइतका वेळ तिला मिळत नाही, पण पृष्ठभागावरच्या साखळ्यांना ज्योतीतला ऑक्सिजन जोडला जातो आणि ध्रुवीय गट तयार होतात. याच खुंट्या. शिक्षकांनी हा प्रयोग करून दाखवण्यासारखा आहे. झाकणाचा तुकडा चिमट्यात धरून बर्नरच्या निळ्या ज्योतीच्या टोकातून क्षणार्धात पुढे न्यावा आणि थंड झाल्यावर त्यावर पाण्याचा थेंब ठेवावा. तो आधीपेक्षा स्पष्टपणे पसरतो. विद्यार्थ्यांनी मात्र हा प्रयोग स्वतः करू नये. वितळलेल्या प्लॅस्टिकचा थेंब कातडीला चिकटला की सुटत नाही, आणि बंपरवर घरी ज्योत फिरवणे तर कोणीच करू नये.

घरासाठी दुसरा मार्ग आहे. 'प्लॅस्टिक प्रायमर' किंवा 'अढीजन प्रमोटर' या नावाने एक पातळ, बहुधा रंगहीन द्रव फवाऱ्याच्या डब्यात मिळतो. त्यातला मुख्य पदार्थ सहसा क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिन हा असतो. नाव अवघड आहे, कल्पना सोपी. पॉलिप्रॉपिलीनसारख्याच साखळीवर अधूनमधून क्लोरिनचे अणू बसवलेले असतात. साखळीचा आपल्या जातीचा भाग विद्रावकाच्या मदतीने बंपरच्या वरच्या थरात, विशेषतः रबराच्या भागात, गुंततो आणि क्लोरिनचा ध्रुवीय भाग वरच्या रंगाला धरतो. दोन गावांच्या भाषा जाणणारा मध्यस्थ असावा, तसा हा पदार्थ. तो फार पातळ थरातच मारायचा असतो. जाड मारला तर तो थर स्वतःच मध्ये फाटतो, म्हणजे आपण सुटण्यातून निघून फाटण्यात पडतो! तो मारल्यावर पुढचा थर किती मिनिटांत द्यायचा, ते डब्यावर छापलेले असते. ती वेळ पाळावी.

माझ्याजवळ होता लोखंडाचा प्रायमर. लोखंडाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा ध्रुवीय थर मुळातच असतो. तेथे तो प्रायमर उत्तम बसतो. बंपरवर त्याचा काय उपयोग?

पोचा आणि तडा

दुसऱ्या खेपेला मी सारे पहिल्यापासून केले. आवरण मोटारीवरून काढून घेतले आणि आत संवेदकाची तार नाही याची खात्री केली.

पोचा काढणे सर्वांत सोपे आणि सर्वांत गमतीचे. पॉलिप्रॉपिलीनमध्ये काही भागात साखळ्या शिस्तीने रचलेल्या, म्हणजे स्फटिकी असतात, तर काही भागात त्या गुंतवळासारख्या असतात. पोचा पडतो तेव्हा गुंतवळातल्या साखळ्या ताणल्या जातात आणि स्फटिकी भाग त्यांना त्याच अवस्थेत जखडून ठेवतो. त्यांना मूळ आकाराकडे परतायचे असते, पण मोकळीक नसते. ८०-९० अंशांच्या पाण्याने ही पकड सैल होते. मी पोच्यावर किटलीतून गरम पाणी हळूहळू ओतले आणि जाड हातमोजे घालून मागून दाबले. 'टप्' असा आवाज होऊन पोचा बाहेर आला. लगेच त्यावर थंड पाणी ओतले. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंशांपलीकडे वितळते, तेव्हा उकळत्या पाण्याने ते वितळण्याची भीती नसते. गरम हवेच्या बंदुकीने मात्र ही मर्यादा केव्हा ओलांडली, ते कळतसुद्धा नाही. जेथे घडी पडून पांढरी रेघ उमटली आहे, तेथे असे पूर्ण यश मिळत नाही. ती पांढरी रेघ म्हणजे आत पडलेल्या सूक्ष्म पोकळ्या. त्यांच्यावर प्रकाश विखुरतो म्हणून रेघ पांढरी दिसते.

तड्याचे प्रकरण अधिक गंभीर. नुसती वरून लांबी भरली, तर तडा खालून वाढतच राहतो. का, ते इंग्लिश अभियंता चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये दाखवले. तड्याच्या टोकाशी ताण किती पट वाढतो, हे अंदाजे या सूत्राने मिळते :

पट = १ + २√(ल ÷ त्र)

येथे ल ही तड्याची लांबी आणि त्र ही त्याच्या टोकाची वक्रतात्रिज्या. माझा तडा २५ मि.मी. होता. टोकाची त्रिज्या ०.०५ मि.मी. धरली, तर ल ÷ त्र = ५००, वर्गमूळ २२.४, आणि ताण सुमारे ४६ पट! आता तड्याच्या अगदी टोकाशी ३ मि.मी. व्यासाचे भोक पाडले. त्रिज्या झाली १.५ मि.मी. ल ÷ त्र = १६.७, वर्गमूळ ४.१, आणि ताण ९ पट. वस्तूत एक भोक पाडून ती पाच पट सुरक्षित झाली, हे विद्यार्थ्यांना सांगितले की आधी कोणाचा विश्वास बसत नाही. हे सूत्र काचेसारख्या ताठ पदार्थासाठी अधिक खरे आहे. बंपरचे प्लॅस्टिक टोकाशी थोडे ताणले जाते, म्हणून प्रत्यक्षात ४६ पट ताण येत नाही, पण हिशेबाची दिशा तीच राहते. तड्याचे खरे टोक शोधायला आवरण किंचित वाकवावे. पांढुरकी छटा जेथे संपते, तेथे भोक.

त्यानंतर आतल्या बाजूने तड्याला इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खाच पाडली, जाळीचा पोलादी तुकडा सोल्डरिंग आयर्नने दाबून प्लॅस्टिकमध्ये बसवला आणि वर पॉलिप्रॉपिलीनचीच कांडी वितळवून भरली. कांडी त्याच जातीची हवी. दोन्हींच्या साखळ्या वितळून एकमेकींत शिरतात, तेव्हाच जोड होतो. एबीएसची कांडी पॉलिप्रॉपिलीनवर वितळते, पण तिच्यात मिसळत नाही. प्लॅस्टिकमधून धूर येऊ लागला की साखळ्या तुटत आहेत असे समजावे आणि आयर्न उचलावे. हे काम मोठ्या माणसाने, खिडक्या उघड्या ठेवून करावे.

बाहेरच्या बाजूला भरायची लांबी लवचीकच हवी. समजा, बंपर दीड मीटर लांब आहे आणि पहाटे व दुपारी त्याच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडतो. शंखजिरे घातलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा प्रसरणांक अंशाला सुमारे ०.००००८ धरला, तर तो ३.६ मि.मी. वाढेल. पोलादाचा बंपर जेमतेम अर्धा मि.मी. वाढला असता. लाकडाच्या किंवा पत्र्याच्या लांबीला हा रोजचा व्यायाम झेपत नाही. ती कडेने चिरते.

आधी धुणे, मग घासणे

हा क्रम उलटा झाला की सारे श्रम पाण्यात. बंपरवर मेणाचे, सिलिकोनच्या पॉलिशचे अंश असतात. आधी घासले, तर ते नव्या ओरखड्यांत रगडले जातात. म्हणून प्रथम साबण-पाणी, मग आयसोप्रॉपिल अल्कोहोलने भिजवलेले एक फडके, आणि तो ओलावा उडण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसणे. एकच फडके फिरवत राहिलात, तर मेण फक्त जागा बदलते. रंगाचे थिनर येथे वापरू नये. एबीएससारखी प्लॅस्टिके त्याने खराब होतात आणि ईपीडीएम रबर विद्रावकाने फुगू शकते.

घासायला वॉटर पेपर पाण्यासह वापरावा. आकडा जितका मोठा, तितका कागद बारीक. मी ३२० पासून ६०० पर्यंत गेलो. कोरडे आणि जोराने घासले, की घर्षणाच्या उष्णतेने प्लॅस्टिकवर केसांसारखी लव उभी राहते आणि ती पुढे रंगातून दिसते. जुन्या रंगाची कड अशी उतरती करावी, की डोळे मिटून बोट फिरवले तर पायरी लागू नये. डोळ्यापेक्षा बोट येथे जास्त विश्वासू आहे.

फवारणी आणि हवेतला ओलावा

डबा पृष्ठभागापासून २०-३० सें.मी. दूर, हात सरळ रेषेत, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. पातळ थर अनेक, जाड थर एकही नाही. प्रथम प्रमोटर, मग प्लॅस्टिकवर चालणारा प्रायमर, मग रंग, शेवटी पारदर्शक लॅकर. चंदेरी छटेचा रंग असेल, तर त्यात अॅल्युमिनियमच्या सूक्ष्म पत्र्या असतात. थर वाळताना पातळ होतो तशा त्या आडव्या पडतात आणि चमक देतात. फार ओला थर मारला, तर त्या कशाही कलतात आणि त्याच डब्यातला रंग गडद दिसतो. रंग जुळला की नाही, ते उन्हात पाहावे. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात.

हे काम पावसाळ्यात का करू नये, त्याचे कारण भौतिकीत आहे. विद्रावक उडताना उष्णता घेऊन जातो, म्हणून ओला थर भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो. हवा २८ अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू येतो सुमारे २५ अंश. थर जेमतेम तीन अंशांनी थंड झाला, की हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते आणि रंग पांढुरका पडतो. हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी, त्याच २८ अंशांना पण ४० टक्के आर्द्रतेला, दवबिंदू १३ अंशांवर असतो. पंधरा अंशांची मुभा! दिवाळीची सुट्टी निवडली, एवढा एक निर्णय माझा पहिल्या खेपेलाही बरोबर होता.

एक डबा जो घरी आणू नये

पारदर्शक थर दोन प्रकारचे मिळतात. एक, विद्रावक उडून वाळणारा साधा लॅकर. दुसरा, कठीणकारक मिसळून वापरायचा 'दोन भागांचा' लॅकर, ज्याला बाजारात 'टू-के' म्हणतात. दुसरा जास्त टिकाऊ असतो, यात शंका नाही. पण त्याच्या कठीणकारकात आयसोसायनेट गट असलेले रेणू असतात. १९८४ च्या डिसेंबरात २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री भोपाळमध्ये जो वायू सुटला, तो मेथिल आयसोसायनेट. लॅकरमधला पदार्थ तो नव्हे. त्याचे रेणू जड असतात आणि सहजी उडत नाहीत. पण फवारताना त्याचे धुके होते आणि श्वासाबरोबर आत जाते. एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले, की पुढे अगदी अल्प मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. वासावरून धोका ओळखता येत नाही आणि तोंडावर रुमाल बांधून उपयोग होत नाही. व्यवस्थित कार्यशाळांत रंगाऱ्याला नळीने बाहेरची शुद्ध हवा पुरवतात. अनेक गॅरेजांत कामगार नुसता फडका बांधून दिवसभर हे फवारतात. हे पाहिले की मला अस्वस्थ वाटते. तुमच्या ओळखीत असा कोणी दादा असेल, तर त्याला ही माहिती जरूर सांगा.

साधा लॅकरही निरुपद्रवी नाही. तो मोकळ्या हवेत, मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि बाष्पांसाठी कोळसा असलेला मुखवटा लावूनच फवारावा. डब्यातला दाब देणारा वायू बहुधा ज्वालाग्राही असतो. जवळ शेगडी, गॅसचा गीझर किंवा देवघरातला नंदादीप पेटलेला नसावा.

मामांची परीक्षा

रंग मारण्यापूर्वी मी या खेपेला एक गोष्ट अधिक केली. बंपरच्या आतल्या बाजूला, जेथे कोणाची नजर जात नाही, तेथे दोन चौकोन आखले. एकावर प्रमोटर मारला, दुसऱ्यावर मारला नाही. बाकी सारे थर दोन्हींवर सारखे दिले. आठवडाभर वाळू दिल्यावर धारदार पात्याने प्रत्येकावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा ओढल्या, म्हणजे प्रत्येकी पंचवीस बारके चौकोन झाले. वर चिकटपट्टी दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. रंगउद्योगात ही परीक्षा रोजच्या वापरातली आहे.

पट्टी ओढायला मामांनाच बोलावले होते. प्रमोटर नसलेल्या जागी पंचवीसपैकी एकोणीस चौकोन पट्टीबरोबर आले. प्रमोटर असलेल्या जागी एकही आला नाही. फक्त दोन चौकोनांच्या कडा जरा दाताळल्या होत्या. मामांनी भिंग मागून घेतले, त्या कडा बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाले, "हा फाटलाय, सर."

मग मी बंपरची बाहेरची बाजू रंगवायला घेतली.